चक्कीवाल्या भानुमतीबाईंचा धाकटा भाऊ लिहून ठेवतो की

मी, बळीराम शामराव भुसारी, वय वर्षे पंचाहत्तर, सिंचन खात्यातून निवृत्त झालेला कारकून, राहणार मदन महल, जबलपूर, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गेल्या नोव्हेंबरात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ती हृदयावर झाली, डोक्यावर नाही. माझे डोके शाबूत असल्याचा डॉ. पियूष जैन यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून फसवलेले नाही. हे लिहीत असताना शेजारच्या खोलीतून माझ्या थोरल्या बहिणीचा चढा आवाज येत आहे. तो दबाव समजू नये. ती तशीच बोलते.

यापूर्वी सन २०११ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात बहिणीचे नावसुद्धा नव्हते. ते मी रद्द करतो आणि त्याची लाज वाटते हेही इथेच नोंदवतो.

वकील अंबरीश कोलते यांनी मला सांगितले की मृत्युपत्रात आधी घर, मग पैसा, मग किरकोळ वस्तू असा क्रम असतो. मी घर शेवटी लिहिणार आहे. त्या कलमापर्यंत पोचायला मला थोडा वेळ हवा आहे.

माझे वारस असे: मुलगा योगेश, वय पन्नास, राहणार हैदराबाद. त्याची मुलगी दुर्वा, वय चोवीस, इंदूरला बँकेत नोकरी. माझी पत्नी सुमित्रा सन २०१९ मध्ये वारली. आणि माझी बहीण भानुमती, वय त्र्याऐंशी, अविवाहित. तिला मी ताई म्हणतो. कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत तिला दोन पिढ्या चक्कीवाली बाई म्हणून ओळखतात. तिच्या माघारी आणखी पुष्कळ काही म्हणतात. त्याबद्दल पुढे लिहितो.

कलम पहिले: चक्कीबद्दल.

कमानिया गेटजवळची पिठाची चक्की, तिचे दगड, मोटर, पट्टा, जागेची भाडेचिठ्ठी, यांपैकी काहीही माझे नाही. ते सर्व ताईचे आहे. योगेशने वा इतर कोणी 'वडिलोपार्जित' हा शब्द काढून त्यात हिस्सा मागू नये. चक्की तिची कशी झाली हे वारसांना नीट ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

आमचे वडील आर्वीहून इकडे आले आणि त्यांनी ही चक्की टाकली. सन १९६१ च्या मार्चमध्ये त्यांच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. हात कोपरापासून गेला आणि नवव्या दिवशी ते गेले. मी अकरा वर्षांचा होतो, ताई एकोणीस वर्षांची. वैशाखात तिचे लग्न ठरलेले होते, छिंदवाड्याच्या एका मास्तरांशी.

तेरावीच्या दिवशी आर्वीचे काका एका माणसाला घेऊन आले. चक्की विकायची, आई आणि मुलांना आर्वीला न्यायचे, असे त्यांनी ठरवून टाकले होते. आईने पदर तोंडाला लावून मान हलवली. काका, तो माणूस आणि मी चक्कीवर गेलो तेव्हा ताई आधीच तिथे होती. तिने वरचा दगड उलटा करून घेतला होता आणि छिन्नी-हातोडीने त्यात खाचा पाडत बसली होती. दगड गुळगुळीत झाला की दळण जाड येते, म्हणून ते काम महिन्या-दोन महिन्यांनी करावे लागते. वडील ते करत, ताई शेजारी बसून पाहत असे. ती पाहून पाहून ते शिकली होती हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

काका म्हणाले, उठ, गिऱ्हाईक आले आहे. ताई उठली नाही. तिने त्या माणसाकडे पाहिले आणि म्हणाली, "गिऱ्हाईक आहे तर गहू घेऊन या म्हणा. दळून देते."

काकांनी आवाज चढवला, तिने हातोडी थांबवली नाही. तो माणूस निघून गेला. काका रात्रीच्या गाडीची वाट न पाहता दुपारच्याच गाडीने परत गेले. जाताना आईला म्हणाले, ही मुलगी नाही, कैदाशीण आहे. मी आईला विचारले, कैदाशीण म्हणजे काय. आई म्हणाली, "जी ऐकत नाही, ती."

चौदाव्या दिवशी चक्की सुरू झाली. पंधरा दिवसांत छिंदवाड्याहून निरोप आला की मुलगी जहांबाज निघाली, आम्हाला हे स्थळ नको. साखरपुड्याची साडी आणि नारळ परत द्यायला कोणी पुरुष तयार होईना. ताई स्वतः बसने गेली आणि देऊन आली. तिथे काय झाले ते तिने कधी सांगितले नाही. संध्याकाळी परत आल्यावर तिने दोन डबे दळण केले, तेवढे मला आठवते.

तिच्या आवाजाबद्दल लोक नेहमी बोलत आले. चक्कीत उभे राहून हळू बोलून पाहावे. पट्ट्याच्या फडफडाटात आणि दगडांच्या घरघरीत शेजारी उभ्या माणसालाही ओरडूनच सांगावे लागते. ताईने तिथे पन्नासहून अधिक वर्षे काढली. आवाज चढला तो उतरला नाही, आणि कान गेले. कुंडमकडून बाजाराला येणाऱ्या आदिवासी बाया कोदो-कुटकी या भरड धान्यांची गाठोडी घेऊन रांगेत बसत. त्यांना शेवटची बस गाठायची असे. पण सराफ्यातल्या नोकरांना वाटे, आपल्या शेठजींचा गहू आधी दळला पाहिजे. ताई म्हणे, रांग म्हणजे रांग. एकदा वॉर्डातल्या एका पुढाऱ्याच्या माणसाने त्या बायांची गाठोडी पायाने सारली. ताईने मोटर बंद केली, कुलूप लावले आणि पायरीवर बसली. दीड तास बसली. शेवटी त्या माणसाने गाठोडी होती तशी लावून दिली, तेव्हा मोटर सुरू झाली. त्या दिवसापासून सराफ्यात तिला 'थानेदारनी' म्हणू लागले. कुंडमच्या बाया तिला 'बड़ी बाई' म्हणत. त्यांच्यातलीच नर्मदा आज चक्की चालवते. ताईनंतर चक्की तिने चालवावी की बंद करावी हे ताई ठरवील. माझ्या वारसांचा त्याच्याशी संबंध नाही.

कलम दुसरे: बँकेतील ठेव.

माझी ठेव योगेशला द्यावी. त्यातून आधी ताईसाठी कानाचे चांगले यंत्र घ्यावे. ती नको म्हणेल. मी तीनदा विचारले, तिन्ही वेळा म्हणाली की लोक काय म्हणतात ते बरेच ऐकून झाले आहे. तरी चौथ्यांदा विचारावे.

कलम तिसरे: सुमित्राचे दागिने व वस्तू.

सुमित्राच्या बांगड्या, मोहनमाळ आणि तिच्या शाळेतील पुस्तकांचे कपाट दुर्वाला द्यावे. ही सुमित्राचीच इच्छा होती. पण सुमित्राला शाळेत नोकरी कशी लागली हे दुर्वाला कोणी सांगितलेले नाही.

सन १९७४ मध्ये मी सुमित्राला पाहायला नागपूरला गेलो. ताईने मला शिकवले होते, नोकरीचा अर्ज भरायला तीच घेऊन गेली होती, त्या दिवशीचा माझा नवा शर्टही तिनेच शिवून घेतला होता. ती सोबत आली होती आणि आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. सुमित्राच्या वडिलांनी हळूच विचारले, तुमच्या थोरल्या भगिनी लग्नाच्या राहिल्या आहेत, स्वभाव कसा आहे. मी म्हणालो, "जराशी कजाग आहे. पण ती सारा दिवस चक्कीवरच असते."

आतली खोली म्हणजे मध्ये एक पडदा होता. तेव्हा ताईचे कान चांगले होते. थोड्या वेळाने तीच पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि पहिली बशी माझ्यासमोर ठेवली. लग्नानंतर महिनाभरात ती मदन महलचे घर सोडून चक्कीवरच्या माळ्यावर राहायला गेली. सकाळी लवकर मोटर सुरू करायची असते, असे कारण तिने सांगितले. मी ते मान्य केले, कारण मला सोयीचे होते.

पाच-सहा वर्षांनी सुमित्राला बी.एड. करायचे होते. मी नाही म्हटले. माझ्या बोलण्यात आवाज नसतो. मी शांतपणे नाही म्हणतो, त्यामुळे लोक मला सज्जन समजतात. सुमित्रा रडली आणि गप्प बसली. ताईला कोणी सांगितले ठाऊक नाही. एका रविवारी ती आली, फाटकातच उभी राहिली आणि तिथून बोलू लागली. तासभर बोलली. अख्खी गल्ली गॅलरीत आली. माझ्या दहावीच्या फीपासून माझ्या बुटांपर्यंत तिने सगळे काढले. मी हात जोडून म्हणालो, ताई, आत ये, लोक ऐकून राहिले. ती म्हणाली, "ऐकू दे. तू हळू बोलून जे करतो ना, ते मला मोठ्याने सांगू दे."

सुमित्राने तीस वर्षे शाळेत शिकवले. शेवटच्या आजारात एकदा ती मला म्हणाली, या घरात माझ्यासाठी एकच माणूस भांडले, आणि त्याच माणसाला तुम्ही माझ्या बाबांसमोर कजाग म्हटले होते. म्हणजे पडद्यामागचे तिलाही ठाऊक होते. पंचेचाळीस वर्षे ती त्यावर काही बोलली नव्हती.

कलम चौथे: स्कूटर, टाइपरायटर आणि भिंतीवरचे घड्याळ.

स्कूटर नर्मदाच्या मुलीला. टाइपरायटर दुर्वाला. घड्याळ मागे पडते. ज्याला चालेल त्याने घ्यावे.

कलम पाचवे: राग आणि वैर यांबद्दल.

आर्वीच्या काकांच्या कुटुंबाशी आमचे येणे-जाणे नाही. ते तसेच राहिले तरी चालेल. मात्र एक गोष्ट त्यांना कळवावी. काका उभ्या आयुष्यात घरात ओरडल्याशिवाय बोलले नाहीत आणि त्यांच्या तेराव्याला भटजींपासून सगळे म्हणाले, माणूस शिस्तीचा होता. मी तिथे होतो, मी ऐकले आहे.

भय्यासाहेब पांढरीपांडे यांच्याशी माझे वैर होते. ते मी याद्वारे संपवतो. वैर कशावरून होते ते लिहून ठेवणे भाग आहे, कारण ते स्वतः आज साक्षीदार म्हणून सही करणार आहेत आणि त्यांनीच म्हटले आहे की लिहायचे तर सगळे लिही.

दिनांक २२ मे १९९७ रोजी पहाटेपूर्वी जबलपुरात भूकंप झाला. उजाडल्यावर मी ताईला पाहायला कमानिया गेटकडे धावलो. चक्की उभी होती. समोर भय्यासाहेबांचे तीन मजली जुने घर होते. त्याची गल्लीकडची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. माणसे सगळी बाहेर होती. आठ दिवसांनी भय्यासाहेबांच्या मुलीचे, माधवीचे, लग्न होते. दागिन्यांचा डबा, शालू, सगळे दुसऱ्या मजल्यावर. भय्यासाहेब आत जायला निघाले, त्यांच्या मागे त्यांचे दोन भाऊ आणि एक नोकर. दारात ताई लोखंडी पहार आडवी धरून उभी होती. वय पंचावन्न.

त्यांनी आधी समजावले, मग विनवले, मग शिव्या दिल्या. चुडैल म्हणाले. हिडिंबा म्हणाले. ताई म्हणाली, शिव्या द्या, पण बाहेर उभे राहून द्या. गल्लीतली बाकीची माणसेही तिच्यावर ओरडू लागली, कारण प्रत्येकाला आपापल्या घरात जायचे होते आणि ती कोणालाच सोडत नव्हती. तेव्हा भय्यासाहेब सगळ्यांसमोर हिंदीत म्हणाले, "जिसका अपना घर नहीं बसा, वो दूसरे का घर क्या समझेगी."

मी ते ऐकले आणि काही बोललो नाही. हेही लिहून ठेवतो. मी तिला बाजूला घ्यायला गेलो होतो. मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, ताई, जाऊ दे त्यांना, त्यांचे घर आहे. तिने माझा हात झटकला.

साडेदहाच्या सुमारास ती भिंत खाली आली. आवाज फारसा झाला नाही, धूळ मात्र इतकी उठली की आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. धूळ बसली तेव्हा दुसरा मजला गल्लीत होता आणि जिन्याच्या जागी विटांचा ढीग होता. सगळी माणसे बाहेर होती. माधवी मोजत होती, परत परत मोजत होती, आकडा बरोबर येत होता.

ताई चक्कीच्या पायरीवर बसली होती. तिने माझ्याकडे पाणी मागितले. पेला घेताना तिचे दोन्ही हात इतके थरथरत होते की अर्धे पाणी लुगड्यावर सांडले. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. माझ्या बहिणीला भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तोपर्यंत मला वाटत असे की अशा बायकांना भीती नसतेच, म्हणून त्या तशा असतात.

माधवीचे लग्न ठरल्या दिवशी साध्या साडीत झाले. भय्यासाहेबांनी ताईची माफी कधी मागितली नाही. त्यांना ते जमत नाही. पण अठ्ठावीस वर्षे त्यांच्याकडचा दिवाळीचा पहिला डबा ताईकडे येतो आणि तो ते स्वतः आणतात. मी मात्र त्या एका वाक्यासाठी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. आता वाटते, त्यांच्यावर राग धरणे सोपे होते, कारण त्यामुळे माझे गप्प राहणे मला दिसत नव्हते.

कलम सहावे: मुलगा योगेश यास.

योगेश, तू वाईट मुलगा नाहीस. आजारपणात तू तीन आठवडे इथे राहिलास. पण गेल्या दिवाळीत तू फोनवर कोणाला तरी सांगत होतास की बाबांनंतर घर विकू, आत्याला नागपूरच्या वृद्धाश्रमात ठेवू, त्या कजाग बाईचे तोंड कोण सांभाळणार. मी दाराशी उभा होतो. तुला रागवायला गेलो आणि मागे फिरलो. तो शब्द तुला माझ्याकडूनच मिळाला आहे. बाकी वारसा देताना हा परत घेता येतो का, असे मी अंबरीशना विचारले. ते म्हणाले, कायद्यात तशी सोय नाही. म्हणून विनंती करतो की तूच तो टाकून दे.

कलम सातवे: नात दुर्वा हिस.

दुर्वा, तुला मराठी समजते पण वाचायचा कंटाळा येतो, हे कलम तरी पूर्ण वाच. मागच्या वर्षी बँकेतल्या तुझ्या साहेबांनी तुझ्या कामाच्या अहवालात लिहिले की तू फार आक्रमक आहेस. एका कर्जाच्या कागदावर खोटी सही आहे असे तू भर बैठकीत सांगितले होतेस, आणि ते खरे निघाले होते. तू मला फोन करून रडत होतीस. काय झाले ते मी ताईला ओरडून सांगितले, तशी तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि तुला विचारले, "सही खोटी होती की नव्हती?" तू म्हणालीस, थी ना आत्याआजी, आणि ते मी तिच्या कानाशी मोठ्याने सांगितले. ती म्हणाली, "मग काहून रडून राहिली?"

एवढेच बोलून तिने फोन मला परत दिला. तू त्यानंतर रडायची थांबलीस, मी ऐकत होतो. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी तुला आणि अंबरीश कोलते यांना नेमतो. तिथेही कोणी तुला आक्रमक म्हणेल. म्हणू दे.

कलम आठवे: अंत्यविधी व वर्तमानपत्रातील निवेदन.

माझे दहन ग्वारीघाटावर करावे. तेरावीला गोडाचा घाट घालू नये. माझ्याबद्दल वर्तमानपत्रात काय छापायचे ते छापावे. 'शांत व मनमिळाऊ' असे छापतील, ते खोटे नाही, पण त्यात माझे कर्तृत्व नाही. माझ्या वाटचे भांडण दुसरेच कोणी भांडत होते.

ताई गेल्यावर निवेदन देण्याची वेळ दुर्वावर येईल. बायकांच्या निवेदनात 'प्रेमळ, सोशीक, शांत स्वभावाच्या' असे छापायची पद्धत आहे. ताईच्या बाबतीत तसे छापू नये. तिला लोकांनी कैदाशीण म्हटले, जहांबाज म्हटले, कजाग, कर्कशा, त्राटिका, थानेदारनी, चुडैल, हिडिंबा म्हटले. यातला एकेक शब्द तिला कोणत्या कामासाठी मिळाला ते मला ठाऊक आहे, आणि त्यातले एकही काम तिने केले नसते तर बरे झाले असते असे मला वाटत नाही. त्यातही 'सोशीक' हा शब्द तर मुळीच छापू नये. तिने जे सोसले ते एकाच माणसाचे सोसले.

कलम नववे: मदन महल येथील घर.

आता घर.

हा भूखंड सन १९७१ मध्ये चक्कीच्या कमाईतून घेतला. माझा त्यात एक पैसाही नव्हता. ताईने तो आईच्या नावावर केला, म्हणजे म्हातारपणी आईला कोणापुढे वाकावे लागू नये. १९८५ मध्ये आई गेली. कायद्याने अर्धे घर ताईचे, अर्धे माझे. सन १९८६ मध्ये मी तिला सांगितले की ती तर चक्कीवरच राहते, कागद एकाच नावावर असले तर पुढे कटकट होणार नाही. हक्कसोडपत्र मी कार्यालयातल्या टाइपरायटरवर स्वतः टाइप केले होते.

ताई चक्कीवरून थेट नोंदणी कचेरीत आली. भुवयांवर पीठ होते. अधिकाऱ्याने विचारले, "बिना किसी दबाव के दे रही हैं?" ती माझ्याकडे पाहत म्हणाली, हाँ. सही केली. मला वाटले होते ती भांडेल. मी रात्रभर जागून उत्तरे तयार केली होती, त्यातले एकही लागले नाही. बाहेर आल्यावर ती आता तरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिने विचारले, जेवून आला का.

एकोणचाळीस वर्षे मी तिला विचारले नाही. शस्त्रक्रियेनंतर ती माझ्याकडे राहायला आली, कारण मला वेळेवर गोळ्या देण्याचे काम तिला दुसऱ्या कोणावर सोपवायचे नव्हते. या फेब्रुवारीत एका सकाळी ती व्हरांड्यात मेथी निवडत होती. तिच्या कानाशी तोंड नेऊन, गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात मला विचारावे लागले. "ताई, त्या दिवशी तू भांडली काहून नाही?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. कोणता दिवस हे तिने विचारले नाही.

"साऱ्या जगाशी भांडून जे राखलं, ते तुझ्यासाठी राखलं," ती म्हणाली. "मग तुझ्याशीच भांडून कोणासाठी राखू?"

मी आत गेलो आणि या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा आणून तिच्या हातात दिला. मला वाटले तिला बरे वाटेल. त्यात लिहिले होते की माझ्या पश्चात बहीण भानुमती हिला या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील.

तिने भिंग लावून ते दोनदा वाचले. मग ती उठून उभी राहिली. पुढचा पाऊण तास ती काय बोलली ते गल्लीत कोणालाही विचारावे. हयातभर राहू देतो म्हणजे काय, ती भाडेकरू आहे का. पायाच्या विटा कोणी उतरवून घेतल्या. छताचा स्लॅब टाकला तेव्हा त्यावर पाणी कोणी मारले. आणि मेल्यावर देतो म्हणजे काय. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे, तिने काय माझ्या मरणाची वाट पाहत बसायचे. मी म्हणालो, सगळे घर तुझ्या नावावर करतो. त्यावर तिचा पारा आणखी चढला.

"उपकार नको मला. माझा हिस्सा पाहिजे. अर्धा म्हणजे अर्धा. आणि आत्ता."

मी तिला विचारले की इतकी वर्षे भांडली नाही, मग आज काहून भांडून राहिली. ती खाली बसली, मेथी परत हातात घेतली आणि म्हणाली, "आज तू स्वतः विचारलं. आता तू मोठा झाला."

दिनांक २४ फेब्रुवारी २०२५ रोजी या घराचा अर्धा हिस्सा मी नोंदणीकृत दस्ताने ताईच्या नावे केला आहे. त्या दस्ताला बक्षीसपत्र म्हणतात. ताईने या शब्दाला कचेरीत जोरदार हरकत घेतली. माझेच मला देताना बक्षीस कसले, असे तिचे म्हणणे होते. अधिकारी आणि अंबरीश दोघांनी मिळून तिला समजावले की कायद्यात दुसरा शब्द नाही. तिने सही केली, पण पटले नाही असे सांगून केली.

उरलेला माझा अर्धा हिस्सा माझ्या पश्चात योगेश आणि दुर्वा यांना समान मिळावा. ताईच्या हयातीत तिच्या लेखी संमतीशिवाय तो विकू नये, गहाण ठेवू नये, भाड्याने देऊ नये.

ताईचा हिस्सा ती कोणाला देणार हे मृत्युपत्रात नमूद करावे म्हणून काल मी तिला विचारले. तिने उत्तर दिले की तुला काय करायचे आहे. त्यामुळे ते नमूद करता येत नाही.

हा सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि ताईलाही मोठ्याने वाचून दाखवला, त्यामुळे तो गल्लीतील बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तो मला मान्य आहे. त्याखाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करतो.

बळीराम शामराव भुसारी
(सही)

आमच्यासमक्ष बळीराम भुसारी यांनी शुद्धीवर असताना, खुर्चीवर ताठ बसून सही केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: भय्यासाहेब पांढरीपांडे, राहणार कमानिया गेट, जबलपूर
(सही)

साक्षीदार २: डॉ. पियूष जैन, राहणार राइट टाउन, जबलपूर
(सही)

स्थळ: मदन महल, जबलपूर
दिनांक: ११ मार्च २०२५